सगळ्या घराला पॉवर काइटचा नाद: इंग्लंडमधल्या नवशिक्या कुटुंबांसाठी

संक्रांतीला गच्चीवरून चार पतंग काटलेले असले की माणसाला वाटतं, पॉवर काइट त्यात काय मोठं! गच्चीवरचा अनुभव वाया जात नाही हे खरं, पण तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे घात करतो, हे दुकानात शिरण्याआधी कळलेलं बरं.

साध्या पतंगाला तुम्ही ढील देता, खेच देता. पॉवर काइटला ढील नाहीच. दोरांची लांबी ठरलेली, साधारण २० ते २५ मीटर. दोर दोन किंवा चार, दोन्ही हातांत, आणि पतंग आकाशात कुठे आहे यावर त्याची ओढ ठरते. बांबूच्या काड्या नसतात. कापडाचे कप्पे एकमेकांना शिवलेले असतात, त्यांची तोंडं पुढून उघडी. वारा आत शिरला की कप्पे फुगतात आणि त्या कापडाला पंखाचा आकार येतो. डोमिना जाल्बर्ट यांनी १९६०च्या दशकात काढलेली ही युक्ती, पॅराग्लायडरही त्यावरच उडतात. म्हणजे तुमच्या हातात जे आहे ते पॅराग्लायडरचं धाकटं भावंड आहे. त्याच्याशी तसंच वागा.

आम्ही मँचेस्टरजवळ राहतो आणि लँकशरच्या किनाऱ्यावर उडवतो: मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा, आणि उन्हाळ्यात पुण्याहून आलेले सासरे. खालचं सगळं अशा घरासाठी लिहिलं आहे. एकट्या तरुणाला यातलं काही गाळायचं असेल तर त्याची हाडं त्याची.

१. आधी वारा, मग दुकान

निदान दोन-तीन शनिवार काहीही विकत न घेता नुसता वारा वाचा. मेट ऑफिसच्या ॲपमध्ये दर तासाला दोन आकडे दिसतात, वाऱ्याचा वेग आणि झोताचा वेग. बहुतेक जण पहिलाच पाहतात. महत्त्वाचा आहे दुसरा, आणि त्याहून महत्त्वाचा दोघांमधला फरक. वारा ताशी १० मैल आणि झोत १४ मैल, हा शिकायला उत्तम दिवस. वारा तोच १० मैल पण झोत २४ मैल, म्हणजे फ्लास्कमधला चहा प्यायचा आणि घरी यायचं.

याचं कारण साधं गणित आहे. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा १० मैलांवरून २० मैलांवर गेला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. १४ वरून २० वर गेला तरी ती दुप्पट होते. आत्ता सहज पेलणारा पतंग पाच मिनिटांनी तुम्हाला वाळूतून फरफटत नेतो तो यामुळे.

फोन नसला तर झाडं बघा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलताहेत, म्हणजे बोफर्ट मापनाचा ३, ताशी ८ ते १२ मैल: शिकाऊंसाठी. धूळ आणि कागदाचे कपटे उडताहेत, लहान फांद्या हलताहेत, म्हणजे ४, १३ ते १८ मैल: हात बसलेल्यांसाठी, तेही लहान पतंगावर. लहान झाडं मुळापासून डोलायला लागली की ५, आणि तुमची बॅग गाडीतच राहील.

२. खरेदी: मन मागेल त्याहून लहान

दुकानात किंवा संकेतस्थळावर चार दोरांच्या पतंगाचा आकार चौरस मीटरमध्ये लिहिलेला असतो, दोन दोरांच्या पतंगाची बहुधा नुसती रुंदी. सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. "तीन घेतला तर पुन्हा लहान वाटेल, पाचच घेऊ, मुलं मोठी झाल्यावर चालेल." शाळेच्या गणवेशाला हा हिशोब ठीक. पतंगाला नाही. शिकताना मोठा पतंग म्हणजे वर्षभर गॅरेजमध्ये पडलेला पतंग, कारण तो उडवता येईल इतका मंद आणि तरी सलग वारा क्वचितच मिळतो.

घरात एकच पहिला पतंग घ्यायचा असेल तर दोन दोरांचा, सव्वा ते दीड मीटर रुंदीचा घ्या. एचक्यू सिम्फनी किंवा प्रिझम सिनॅप्स या मालिकांतले लहान आकार सहज मिळतात. मनगटात अडकवायच्या पट्ट्या असतात, वळवायला सोपा, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या पहाऱ्याखाली हलक्या वाऱ्यात देता येतो. एवढासा पतंग मोठ्यांना कंटाळवाणा होईल ही भीती सोडा. वारा वाढला की तोच पतंग मोठ्यांच्याही हातांना काम देतो.

सगळ्यांचा हात बसला की दुसरा, चार दोरांचा, दोन ते तीन चौरस मीटरचा. एचक्यू बीमर किंवा ओझोन इम्प क्वाट्रो या जातीचा. यात वरचे दोन दोर ओढीचे, खालचे दोन ब्रेकचे, आणि पतंग हवेत जागीच थांबवता येतो, मागे सरकवत खाली बसवता येतो. नेहमीच्या हँडलांबरोबर 'किलर' नावाच्या मनगटपट्ट्या येतात. त्यांचं एक टोक ब्रेकच्या दोरांना जोडलेलं असतं. हँडल सोडून दिलं की ओढ फक्त ब्रेकवर येते आणि पतंग फडफडत पडतो. वापरलेला पतंग घेताना हे किलर आहेत का, ते आधी विचारा. विकणाऱ्यांनी ते हरवलेले असतात आणि जाहिरातीत त्याबद्दल अवाक्षर नसतं. नसतील तर वेगळे विकत घ्या, पण त्यांच्याशिवाय उडवू नका.

जुन्या पतंगात आणखी तीन गोष्टी बघायच्या. कापड दोन्ही हातांत धरून कानाजवळ चुरगाळा: नवं कापड करकरतं, उन्हानं मेलेलं मऊ पडलेलं असतं. कन्नीचे बारीक दोर एकेक करून बोटांखालून न्या, कुठे लव सुटलेली आहे का ते कळतं. आणि दोरात मधेच गाठी असतील तर दोराची किंमत शून्य धरा, कारण गाठीशी दोराची ताकद बरीच घटते.

बॅगेत असायच्या वस्तू:

- पतंग, दोर, हँडल किंवा पट्ट्या, किलर
- जमिनीत रोवायची खुंटी, शक्यतो भडक रंगाची फीत बांधलेली
- प्रत्येकाला हेल्मेट (स्केटिंगचं चालेल) आणि घोट्यापर्यंतचे बूट
- हातमोजे, बाग कामाचे जुने असले तरी चालतील
- गॉगल, लँकशरमध्येही ऊन डोळ्यांत येतं, विश्वास ठेवा
- भरती-ओहोटीचं त्या दिवसाचं वेळापत्रक, आणि पूर्ण चार्ज केलेला फोन
- विम्याचं सभासदत्वाचं कार्ड, फोनमध्ये फोटो काढून

विम्याबद्दल थोडं. घराच्या विम्यात हा खेळ येतो असं गृहीत धरू नका, पॉलिसी उघडून वाचा. ब्रिटिश काइटस्पोर्ट्स या राष्ट्रीय संस्थेच्या सभासदत्वाबरोबर त्रयस्थ व्यक्तीला झालेल्या इजेचा विमा मिळतो. तुमचा पतंग कुणाच्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यावर आपटला तर काय, याचं उत्तर आधी तयार हवं.

३. जागा, भरती आणि परवानगी

चांगली जागा म्हणजे वाऱ्याच्या दिशेला काहीही आडवं नसलेली जागा. इमारत, झाडांची रांग, वाळूच्या टेकड्या यांच्या मागे वारा मोडतो, गरगरतो. अडथळ्याच्या उंचीच्या दहापट लांब उभं राहायचं, असा ठोकताळा ठेवा. म्हणूनच घरामागचं मैदान, ज्याला चारी बाजूंनी झाडं आहेत, ते पिकनिकला ठीक आहे, पतंगाला नाही. तिथे पतंग उठतो, कोसळतो, आणि मुलं ठरवतात की आपल्याला जमत नाही.

किनाऱ्यावर समुद्राकडून किंवा किनाऱ्याला समांतर येणारा वारा सलग असतो. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा घरांवरून येतो, झोतांचा असतो, आणि तुम्हाला पाण्याकडे ओढतो. त्या दिवशी बेत रद्द.

आम्ही जातो तो सेंट ॲन्सचा किनारा रुंद, सपाट आणि ओहोटीला अफाट मोकळा आहे. पण ओहोटीला जे पाणी एवढं लांब जातं ते परत येताना सरळ रेषेत येत नाही, आधी तुमच्या पाठीमागच्या चरांत भरतं. भरती सुरू व्हायच्या आत वरच्या कोरड्या पट्ट्यात परतायचं, हा नियम मुलांनाही पाठ हवा. उत्तरेकडच्या मोरकॅम्ब बेमध्ये तर पतंग घेऊन आत जाऊच नका. तिथे रुतणारी वाळू आहे, आणि धावत्या भरतीनं २००४ साली शिंपले वेचणाऱ्या वीसहून जास्त मजुरांचे जीव घेतले. कुठेही कुणी अडकलेलं दिसलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं.

कायद्याचं एक कलम लक्षात ठेवण्यासारखं आहे: ब्रिटनमध्ये पतंग जमिनीपासून ६० मीटरहून उंच उडवता येत नाही, आणि विमानतळाच्या हवाई हद्दीत ही मर्यादा ३० मीटर होते. सेंट ॲन्सला खेटूनच ब्लॅकपूलचा विमानतळ आहे. २५ मीटरचे दोर असले की तुम्ही दोन्हीकडे मर्यादेत राहता. जास्त ओढ मिळावी म्हणून दोर वाढवून जोडायचा मोह होतो, त्याला हेही एक उत्तर आहे.

नुसता पतंग उडवायला बहुतेक किनाऱ्यांवर परवाना लागत नाही. चाकं आली, म्हणजे पतंगानं ओढायची बग्गी किंवा चाकांचा बोर्ड, की मामला बदलतो: कुठे ठरावीक पट्टा, कुठे परवाना, कुठे साफ मनाई. त्या त्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर नियम असतात. शिवाय पाटी वाचा. पक्ष्यांच्या घरट्यांच्या दिवसांत टेकड्यांजवळचा भाग बंद असतो.

४. मांडणी

इथे घाई केली की पुढचा अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. पतंग वाऱ्याच्या दिशेनं पुढे, पालथा न ठेवता कन्नी वर येईल असा पसरा आणि मागच्या कडेवर चार-पाच मुठी वाळू टाका. ओली वाळू नको. ती कापडाला चिकटते आणि कप्प्यांत गेली की पतंग जड होतो. खुंटी रोवून ठेवा. आता दोर पतंगाला जोडून, मागे चालत चालत उलगडत या. उलगडताना दोर गुंडाळीवरून गरागरा ओढून काढायचा नाही, गुंडाळी हातात फिरवत सोडायचा, नाहीतर दर वेढ्याला एक पीळ पडतो.

दोर डायनिमा नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याचे असतात. दिसायला शिवणाच्या दोऱ्याएवढे, पण एकेकाला दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ताण झेपतो. ताणलेला दोर बोटाला, गळ्याला, कानाला सुरीसारखा लागतो. काच लावलेला मांजा हाताळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण बिनमांज्याचा दोर म्हणून आपण बेसावध होतो. बोटाभोवती वेढा कधीही घ्यायचा नाही. मुलांना दोरांवरून उडी मारू द्यायची नाही, वळसा घालून जायचं.

हँडल हातात घेण्याआधी डावं-उजवं पक्कं करा. बहुतेक कंपन्या रंगांनी फरक दाखवतात, पण रंगाचा नियम सगळ्यांचा एक नाही, तेव्हा पुस्तिका बघा. उलटं धरलं तर पतंग उजवीकडे ओढल्यावर डावीकडे जाईल, आणि तुम्ही घाबरून आणखी जोरात ओढाल.

चार दोरांच्या नव्या पतंगाचं एक हमखास गाऱ्हाणं असतं: "उठतच नाही, मागे मागे सरकतो." पतंगात दोष नसतो. ब्रेकचे दोर फार आखूड बांधलेले असतात. हँडलच्या खालच्या टोकाला असलेल्या गाठींपैकी एक गाठ बाहेर सरका, म्हणजे उडताना ब्रेक किंचित सैल राहील. नवे दोर पहिल्या काही दिवसांत कमी-जास्त ताणतात, म्हणून अधूनमधून चारी दोर एका टोकाला खुंटीला अडकवून दुसरीकडून ओढून लांबी सारखी आहे ना ते बघायचं.

५. पहिली उड्डाणं

डोळ्यांसमोर घड्याळाचा वरचा अर्धा भाग आणा. डोक्यावर १२, डावीकडे जमिनीशी ९, उजवीकडे ३. पतंग १२ वर किंवा कडेला ९-३ जवळ असेल तर ओढ कमी. मधोमध, खालच्या बाजूला, तुमच्या बरोबर समोर असेल तर ओढ सगळ्यात जास्त. शिकायचं ते एवढंच: हा नकाशा अंगात मुरवणं.

पहिला दिवस: एक पाऊल मागे घेत दोन्ही हात सारखे ओढा, पतंग उठेल. सरळ १२ वर न्या आणि तिथेच ठेवा. उजवा हात ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. हालचाल सायकलच्या हँडलसारखी, छातीजवळ आणि थोडी. गच्चीवर शिकलेला माणूस हात डोक्यावर नेऊन खेचतो, त्यामुळे काहीही जास्त मिळत नाही, फक्त खांदे भरून येतात.

१२ वर पतंग स्थिर राहिला की आडवे इंग्रजी आठ काढा, आधी वरच्या बाजूला. जमलं की आठ हळूहळू खाली आणा. पतंग मधून जाताना ओढ वाढते आणि कडेला कमी होते, ते पायांना कळेल. पतंगानं पूर्ण गिरकी घेतली की दोरांना पीळ पडतो. घाबरू नका, दोन-तीन पिळांतही पतंग वळतो. उलट्या बाजूनं तेवढ्याच गिरक्या घ्या.

लहान मुलाच्या मागे मोठ्यानं उभं राहून त्याचं जॅकेट किंवा कमरेचा पट्टा धरायचा. पतंगाचे दोर मात्र धरायचे नाहीत, दोघांनी वळवला तर पतंग कुणाचंच ऐकत नाही. आमच्याकडे मुलगी मुलापेक्षा आधी शिकली, नवरा सगळ्यात शेवटी. त्याचं वजन जास्त म्हणून तो ताकदीवर निभावून न्यायचा.

आणि उडी. इंटरनेटवर पतंगाबरोबर दहा फूट उंच जाणारी माणसं दिसतात. वर नेणारा वारा खाली आणताना तीच माया दाखवेल याची हमी नसते. घरच्यांबरोबरच्या छंदात उडी नाही, एवढं पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत ठरवून टाका.

६. सोडता आलं पाहिजे

दर वेळी उडवायच्या आधी, हलक्या वाऱ्यात, प्रत्येकानं एकदा मुद्दाम पतंग सोडून दाखवायचा. माणसाची मूठ संकटात घट्ट होते. उलटं करायला हाताला आधी शिकवावं लागतं. किलर असतील तर पतंग पडून तुमच्याशी जोडलेलाच राहतो. दोन दोरांचा पतंग कुठल्या सोयीने बंद होतो ते त्याच्या पुस्तिकेत पाहून तेच करून बघा.

उतरवताना पतंग कडेला ९ किंवा ३ वर न्या आणि तिथेच जमिनीला टेकवा. चार दोरांचा असेल तर दोन्ही ब्रेक ओढून समोरच खाली बसवता येतो. मग लगेच हँडलांची ब्रेककडची टोकं खुंटीत अडकवा. फक्त ओढीचे दोर अडकवून चहाला गेलात तर पतंग एकटाच उडायला लागतो.

७. घरात प्रत्येकाला काम

एक उडवतो आणि बाकीचे थंडीत बघतात, असं झालं की तिसऱ्या वेळी मुलं गाडीतून उतरत नाहीत. आमच्याकडे कामं वाटलेली आहेत आणि ती फिरतात.

पहारेकरी: उडवणारा वर बघत असतो, त्याला मागचं-बाजूचं दिसत नाही. वाऱ्याच्या दिशेनं निदान ५० मीटर मोकळं आहे ना, हे पहारेकऱ्यानं बघायचं. माणूस, कुत्रा, बाबागाडी आत आली की ओरडायचं, आणि उडवणाऱ्यानं कारण न विचारता पतंग १२ वर न्यायचा. घोडा दिसला तर १२ वरही नाही, सरळ खाली. फडफडणाऱ्या कापडाला घोडे बुजतात आणि वर माणूस बसलेला असतो. आमचा मुलगा या कामात पटाईत आहे. "आजोबा, घोडा!" ही आरोळी आता आम्हाला स्वप्नातही ऐकू येते.

गुंता सोडवणारा: हे काम सासऱ्यांनी मागून घेतलं. त्यांची पद्धत अशी की गुंता ओढायचा नाही, फुगवायचा. गुंत्याच्या मधोमध बोटं घालून तो सैल, मोठा, पसरट करत न्यायचा. टोक शोधत बसायचं नाही. दोर पतंगापासून सोडवायचाही नाही, कारण टोकं मोकळी झाली की गुंता दुप्पट होतो. घडीच्या खुर्चीत बसून ते हे करतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या इंग्रज आजोबांशी हवेबद्दल बोलतात.

घरंच्या घरं या नादाला लागणं नवं नाही. ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ साली पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. त्याआधी त्यांनी आपली मुलगी मार्था हिला खुर्चीत बसवून पतंगानं उंच उचललं. ती सुखरूप उतरली आणि पुढे क्रिकेटवाल्या डब्ल्यू. जी. ग्रेस यांची आई झाली. मास्तरांचा हा प्रयोग घरी करून बघू नये.

८. घरी आल्यावर

कोरडा करूनच पतंग आत. ओला गुंडाळला तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि जात नाहीत. बाथटबच्या पडद्याच्या दांडीवर टांगला की रात्रीत वाळतो. बहुतेक पतंगांच्या टोकांना वाळू काढायची फट असते, ती उघडून झटका. खारं पाणी लागलेले दोर साध्या पाण्यातून काढा. वॉशिंग मशीन, इस्त्री, ड्रायर काही नाही.

९. चाकं कधी?

न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी १९९०च्या सुमारास तीन चाकांची बग्गी बाजारात आणली आणि तेव्हापासून पॉवर काइटवाल्या घरांत तिची चर्चा असतेच. माझं मत: पतंगाकडे न बघता, समोरच्याशी गप्पा मारत आठ काढता येतात, आणि डोळे मिटून पतंग कुठे आहे ते सांगता येतं, तेव्हा. पहिले धडे शिकवणाऱ्याकडून घ्या. बग्गीत बसल्यावर दोन गोष्टी एकदम चालवायच्या असतात, पतंग हातांनी आणि पुढचं चाक पायांनी.

१०. सुट्टीत भारतात न्यायचा असेल तर

मुरुडला किंवा गुहागरला दुपारनंतर खारे वारे छान सलग वाहतात, म्हणून बॅगेत पतंग टाकायची इच्छा होते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली आहे आणि संक्रांतीच्या दिवसांत पोलीस दोर तपासतात. तुमचा डायनिमा पतंग काटायला नाही, हे त्या वेळी चौकीत समजावून सांगण्यात सुट्टीचा एक दिवस जाऊ शकतो. डिसेंबर-जानेवारीत नेऊच नका. इतर वेळी नेलात तर आधी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारा आणि गर्दीचा किनारा टाळा. पावसाळ्यात कोकणात उडवायचा विचार मनातून काढून टाका. तिथला आषाढातला वारा लँकशरच्या कुठल्याही शनिवारपेक्षा आडदांड असतो.